वाचकांचे प्रश्न : क्लासशिवाय सीईटी

प्रश्न : मी बारावी विज्ञानला आहे, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुप. सीईटीच्या (इंजिनीअरिंग प्रवेशाची राज्याची परीक्षा) क्लासची फी परवडत नाही. घरात एकच मोबाइल. बाबा कामावरून आले की रोज दीड तास मिळतो. यूट्यूबवर फिजिक्सचे निम्मे धडे बघून झालेत, समजतातही. पण एमसीक्यू (पर्यायी उत्तरांचे प्रश्न) सोडवायला घेतले की दहातले चारच बरोबर येतात. काय चुकतंय?
– एक विद्यार्थिनी, जि. लातूर

उत्तर : व्हिडिओत कुठलं सूत्र लावायचं हे शिकवणारा ठरवतो, आपण नुसतं बघतो. परीक्षेत नेमकं तेच आपल्याला ठरवायचं असतं. म्हणून क्रम उलटा कर.

आधी बालभारतीच्या पुस्तकातून धडा वाच. (पुस्तक नसेल तर पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते.) मग पुस्तक मिटून सगळी सूत्रं आठवून लिही. प्रत्येकापुढे एकक आणि ते कुठे चालत नाही, हेही लिही. उदाहरणार्थ, गतीची तीन समीकरणं त्वरण स्थिर असेल तरच लागू होतात. एसएचएममध्ये (सरल आवर्त गती, म्हणजे स्प्रिंगसारखी मागेपुढे होणारी हालचाल) त्वरण सतत बदलतं, तिथे ती लावली की उत्तर हमखास चुकतं. अशा चुका व्हिडिओ बघताना कळत नाहीत.

त्यानंतर घड्याळ लावून 30 प्रश्न 27 मिनिटांत सोडव. हा हिशेब पेपरवरूनच आला आहे : फिजिक्स-केमिस्ट्रीचे 100 प्रश्न 90 मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला 54 सेकंद. केमिस्ट्रीचे थिअरीचे प्रश्न याहून लवकर होतात; तो वाचलेला वेळ फिजिक्सच्या गणितांना द्यायचा. कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे सरावातही आकडेमोड हातानेच कर.

चुकलेला प्रश्न वेगळ्या वहीत उतरव आणि कारण लिही : संकल्पना, सूत्र, आकडेमोड की वाचण्यातली चूक. संकल्पना कच्ची निघाली तरच व्हिडिओ लाव, तोही तेवढाच भाग. तीन दिवसांनी आणि पुन्हा पंधरवड्याने तेच प्रश्न कोऱ्या कागदावर सोडव. उत्तर लक्षात राहिलं असेल, पण पायऱ्या सुचत नसतील, तर तो प्रश्न अजून आपला झालेला नाही.

मोबाइलचा दीड तास म्हणजे बरोबर एका पेपराची वेळ. आठवड्यातून एक दिवस त्यावर फिजिक्स-केमिस्ट्रीचा पूर्ण पेपर, दुसऱ्या दिवशी मॅथ्सचा. मॅथ्सला 90 मिनिटांत 50 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण. एकूण 200 पैकी 100 गुण एकट्या मॅथ्सचे आहेत, तेव्हा रोजच्या अभ्यासातला निम्मा वेळ त्यालाच दे.

प्रश्न : मुलाचा अकरावीचा अभ्यास कच्चा राहिला आहे. तो सोडून दिला तर चालेल का?
– एक पालक, नाशिक

उत्तर : नको. अकरावीला साधारण 20 टक्के भार असतो, म्हणजे 200 पैकी 40 गुण. शिवाय सगळी अकरावी लागत नाही, निवडक धडेच असतात. फिजिक्समध्ये गतीचे नियम, गुरुत्वाकर्षण, ध्वनी, प्रकाश, स्थिरविद्युत, सेमीकंडक्टर असे मोजके. यंदाची यादी सीईटी सेलच्या (ही परीक्षा घेणारं राज्य सरकारचं कार्यालय) संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि यादीबाहेरच्या धड्यांना हात लावू नका. रोज पाऊण तास दिला तर बारावीला धक्का न लागता हे धडे आवरतात.

प्रश्न : जेईईचे (इंजिनीअरिंगची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा) जुने पेपर सोडवावेत का? आणि सीईटीचा पेपर मराठीत मिळतो का?
– एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : मॅथ्ससाठी जरूर. जेईई मेनचे पेपर ती परीक्षा घेणाऱ्या एनटीए या संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. एक फरक मात्र ध्यानात ठेव : तिथे चुकीला गुण कापतात, सीईटीत कापत नाहीत. जेईईच्या सवयीने इथे प्रश्न कोरे सोडणं म्हणजे नुकसानच. शेवटची दोन मिनिटं राखून उरलेल्या सगळ्या प्रश्नांना पर्याय निवड.

सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्री मराठीतून घेता येतं, मॅथ्स फक्त इंग्रजीत असतं. मराठी माध्यमातून आलेली मुलं तिथे गणितात नव्हे, वाक्यात अडकतात. प्रॉबेबिलिटीत ‘अॅट लीस्ट टू’ म्हणजे दोन किंवा जास्त, ‘अॅट मोस्ट टू’ म्हणजे दोन किंवा कमी. असे शब्द धड्यागणिक वहीच्या मागच्या पानावर टिपत जा.