स्नूकरच्या विश्वविजेत्याची मानसिकता कशी असते? आणि इतका संथ खेळ लोक का बघतात?

संथ म्हणालात, म्हणून लिहायला बसलो.

विश्वविजेता पारखायचा तर तो खुर्चीत बसलेला असताना पारखावा. समोरचा टेबलावर असेपर्यंत आपल्या हातात काहीच नसतं. तो चुकेपर्यंत बघत बसायचं आणि चुकला की उठून थंड हातांनी पहिलाच चेंडू पॉकेटमध्ये घालायचा.

कॉलेजात असताना पुण्यातल्या एका क्लबच्या स्पर्धेत माझा उपांत्य सामना होता. मामा पहिल्यांदाच बघायला आलेले. मामा कबड्डीवाले. निर्णायक फ्रेमला, म्हणजे शेवटच्या डावाला, समोरचे गृहस्थ टेबलावर गेले ते हटेचनात. गुण मोजणारा मार्कर एकसुरी आवाजात आकडे सांगतोय, मी क्यू (खेळायची काठी) गुडघ्यांत धरून बसलोय. शेवटचा लाल चेंडू गेला तेव्हा त्यांची आघाडी 20 ची. मग त्यांचा पिवळा पॉकेटच्या तोंडात थडथडून बाहेर आला. टेबलावर उरले सहा रंगीत चेंडू, पिवळ्याच्या 2 पासून काळ्याच्या 7 पर्यंत, मिळून 27 गुण. गुलाबीपर्यंत सगळं घातलं तरी नुसती बरोबरी, म्हणजे काळाही हवाच. सहाही रंग घातले. बाहेर चहा घेताना मामा म्हणाले, "अर्धा वेळ तर नुसता बसला होतास. घामसुद्धा नाही आला. हा कसला खेळ रे?" माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

1994 ची शेफील्डची विश्वविजेतेपदाची फायनल बघा. स्टीफन हेंड्री आणि जिमी व्हाइट 17-17 फ्रेम. शेवटच्या फ्रेममध्ये व्हाइट ब्रेकवर होता, म्हणजे न चुकता सलग गुण घेत होता, आणि हेंड्री खुर्चीत, तोही त्याच स्पर्धेत हाताला झालेली दुखापत घेऊन. व्हाइटचा ठरलेल्या जागेवरचा काळा चेंडू चुकला. हेंड्री उठला आणि 58 च्या ब्रेकने सामना घेऊन गेला. व्हाइटच्या हातात कौशल्य कमी होतं असं कोणी म्हणू नये. विश्वविजेतेपदाच्या सहा फायनल खेळला, एकही जिंकला नाही.

लोक बघतात ते यासाठीच. 1985 च्या विश्वविजेतेपदाच्या फायनलला स्टीव्ह डेव्हिस 8-0 पुढे होता. डेनिस टेलर त्या अख्ख्या सामन्यात पहिल्यांदा पुढे गेला तो अगदी शेवटच्या काळ्या चेंडूवर. मध्यरात्र उलटून गेली होती आणि ब्रिटनमध्ये 1 कोटी 85 लाख लोक टीव्हीसमोर जागे होते. संथ खेळासाठी कोण जागतं? आणि रॉनी ओ'सुलिव्हनने 1997 ला 147 चा, म्हणजे एका फ्रेमचे पूर्ण गुण घेणारा ब्रेक पाच मिनिटं आणि काही सेकंदांत संपवला होता, तोही बघा.

आपल्याकडे तर या टेबलाला नावं ठेवायला तोंडच नाही. कोणत्याही खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय विल्सन जोन्स, 1958, बिलियर्ड्स, याच टेबलावरचा खेळ. जन्म पुण्याचा. जगज्जेत्या पंकज अडवाणीचाही जन्म पुण्याचाच. तरीही पोरगं क्यू घेऊन निघालं की घरात अजून "टवाळ पोरांचा अड्डा" ऐकू येतं.

एक मात्र खरं, सगळे हेंड्रीसारखे घट्ट नसतात. ओ'सुलिव्हन नैराश्याबद्दल उघड बोलतो. त्याने मानसोपचारतज्ज्ञ स्टीव्ह पीटर्स यांची मदत घेतली आणि 2012, 2013 असं लागोपाठ विश्वविजेतेपद मिळवलं. तेव्हा खुर्चीत बसणं शिकताही येतं.

तुम्हाला खेळायचं असेल आणि घरचे अडवत असतील तर त्यांना 1985 ची शेवटची फ्रेम लावून द्या, 68 मिनिटांची आहे. मामा दिवाळीला येणार आहेत, त्यांना मी तीच लावणार आहे. काळा चेंडू पडेपर्यंत उठू देणार नाही.