वाचकांचे प्रश्न : ब्रेक्झिटचा तोटा किती, आणि तो कोणाच्या पदरी?

ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याविषयी २०१६ मध्ये घेतलेल्या सार्वमतावर मागील अंकात एक छोटे टिपण दिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी कोल्हापुरातील तीन वाचकांचे प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाला जागा अधिक लागली आहे, कारण भांडणाचे मूळ तेथेच आहे.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा निवृत्त बँक कर्मचारी असून माझी नात मँचेस्टरला शिकते. गौरी-गणपतीत व्हिडिओ कॉलवर बोलताना ती म्हणाली, “आजोबा, इथल्या म्हाताऱ्यांनी तरुणांच्या ताटात माती कालवली.” मी तिला म्हणालो, की बाहेर पडलात तर जगबुडी होईल असे सांगितले गेले होते आणि ती काही झाली नाही. त्यावर ती चिडली, मीही चिडलो आणि आरतीची वेळ टळून गेली. आम्हा दोघांत कोणाचे खरे? आणि तेथील अर्थतज्ज्ञांचेही अजून एकमत का होत नाही?
(राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : आधी आपल्या बाजूचे पाहू. २३ जून २०१६ च्या मतदानाच्या महिनाभर आधी ब्रिटनच्या अर्थखात्याने एक अहवाल काढला होता. बाहेर पडण्याचा कौल लागताच मंदी येईल आणि दोन वर्षांत सुमारे पाच लाख लोक बेकार होतील, असे त्यात म्हटले होते. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी तो भाकितापेक्षा धमकीच्या सुरात मांडला. प्रत्यक्षात कौल लागल्यावर मंदी आली नाही आणि बेकारी पुढील काही वर्षे कमीच होत गेली. आपण ‘जगबुडी’ म्हणता ती हीच, आणि ती झाली नाही हे आपले म्हणणे बरोबर आहे. या एका चुकीची किंमत मोठी ठरली, कारण त्यानंतर कोणत्याही अर्थतज्ज्ञाने तोट्याचा आकडा सांगितला, की “हे तेच ना, मंदी येणार म्हणणारे?” असे विचारून समोरचा मोकळा होतो.

बाहेर पडण्याचा प्रचार करणारी बाजूही काही धुतल्या तांदळाची नव्हती. संघाला दर आठवड्याला ३५ कोटी पाउंड द्यावे लागतात, ते वाचवून सरकारी आरोग्यसेवेला देऊ, असे लाल बसवर रंगवून ती देशभर फिरवली गेली. हा आकडा ब्रिटनला मिळणारी सूट वजा न करता काढलेला होता. तो दिशाभूल करणारा असल्याचे तेथील सांख्यिकी प्राधिकरणाने मतदानापूर्वीच सांगितले होते. तरीही बसवरचा रंग खरवडला गेला नाही. चुकलेले भाकीत आणि चूक दाखवून दिल्यावरही तसाच ठेवलेला आकडा यांना मी एकाच मापाने मोजत नाही.

आता अर्थतज्ज्ञांच्या मतभेदाकडे येऊ. ब्रिटनच्या अर्थसंकल्पाचे अंदाज तपासणाऱ्या स्वतंत्र कार्यालयाचे गृहीतक असे, की संघात राहिल्यास जी उत्पादकता असती तिच्यापेक्षा ती दीर्घकाळात चार टक्क्यांनी कमी राहील. यातील ‘राहिल्यास जी असती’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. देश चार टक्क्यांनी आक्रसला असे ते कार्यालय म्हणत नाही. ते तुलना करते ती कधीही अस्तित्वात न आलेल्या ब्रिटनशी, आणि तो ब्रिटन कोणी पाहिलेला नसल्यामुळे प्रत्येकाला त्याचे चित्र आपापल्या परीने काढावे लागते.

प्रयाग चिखलीकडील एखादा शेतकरी मळीच्या रानात वर्षानुवर्षे ८६०३२ चा ऊस लावत होता आणि २०१९ च्या हंगामासाठी त्याने वाण बदलून २६५ लावला, असे समजा. ऑगस्टमध्ये पंचगंगेचा महापूर आला, ऊस कित्येक दिवस पाण्याखाली राहिला आणि एकरी टनेज घसरले. घरात एकजण म्हणणार वाण चुकला, दुसरा म्हणणार पुराने घात केला. त्याच रानात त्याच वर्षी जुना वाण किती पिकला असता, हे आता कोणालाही वजनकाट्यावर दाखवता येणार नाही. फार तर बांधापलीकडच्या शेजाऱ्याचा फड पाहायचा. पण त्याचे रान थोडे उंचावर असेल, तर ती तुलनाही लंगडीच. ब्रिटनचे नेमके हेच झाले. ३१ जानेवारी २०२० रोजी तो संघातून बाहेर पडला आणि लगेच कोरोना आला. त्या एका वर्षात अर्थव्यवस्था सुमारे दहा टक्क्यांनी खाली गेली. जुनेच नियम चालू ठेवणारा संक्रमणाचा काळ ३१ डिसेंबर २०२० ला संपून खरी जकात-तपासणी सुरू होते न होते, तोच युक्रेनचे युद्ध उद्भवले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाईचा दर ११.१ टक्क्यांवर पोहोचला.

बांधापलीकडचा फड पाहण्याची रीत अर्थशास्त्रातही आहे. २०१६ पूर्वी ज्या देशांची चाल ब्रिटनसारखी होती, त्यांचे योग्य प्रमाणात मिश्रण करून एक कल्पित ब्रिटन तयार करतात आणि खऱ्याची त्याच्याशी तुलना करतात. भांडण असते ते मिश्रणात कोणता देश किती घालायचा यावर. अमेरिकेचा वाटा जास्त धरला, की ब्रिटनचा तोटा मोठा दिसतो, कारण अमेरिका या काळात जोमाने वाढली. जर्मनीचा वाटा जास्त धरला, की तोटा लहान दिसतो, कारण जर्मनी संघात राहूनही रखडली.

तरीही “म्हणून काहीच सांगता येत नाही” असे म्हणून मी उत्तर टाळणार नाही. कोरोना येण्याआधीच्या दोन गोष्टी पुराव्यादाखल पाहता येतात. निकालाच्या रात्री दीड डॉलरचा पाउंड काही तासांत १.३३ डॉलरपर्यंत घसरला. इतका खाली तो ३१ वर्षांत गेला नव्हता. आपल्याकडे शंभर रुपयांच्या आसपास असणारा पाउंड त्या वर्षअखेरीस ऐंशीच्या घरात आला होता, त्यामुळे ज्यांनी तेव्हा मुलांची फी भरली त्यांना तो निकाल पावला. ब्रिटिश गृहिणीला मात्र आयातीचा प्रत्येक जिन्नस महागला. दुसरी गोष्ट अशी, की त्याआधी वाढत असलेली कारखान्यांची आणि कंपन्यांची गुंतवणूक २०१६ नंतर जागच्या जागी थांबली. पुढे बाजारपेठ कोणती राहणार हे ठाऊक नसताना नवे यंत्र कोण बसवील? शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. माझ्या मते तोटा खरा आहे, परंतु तो भिंत कोसळावी तसा न होता ओल चढावी तसा झाला आहे, आणि म्हणूनच तो नाकारणेही सोपे जाते.

आता आपल्या नातीचे म्हणणे. मतपत्रिकेवर वय लिहिलेले नसते, त्यामुळे वयानुसार मिळणारे सर्व आकडे पाहण्यांवर आधारलेले आहेत. त्यांनुसार १८ ते २४ वयातील दहापैकी सुमारे सात जणांनी संघात राहण्याच्या बाजूने, तर ६५ वर्षांवरील दहापैकी सहा किंवा त्याहून थोड्या अधिक जणांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले. बाहेर पडण्याच्या बाजूने पडलेली एकूण मते ५१.८९ टक्के होती आणि फरक तेरा लाखांहूनही कमी होता, तेव्हा ही वयाची दरी निर्णायक होती असे वाटणे साहजिक आहे. तरुणांपैकी फक्त ३६ टक्के मतदानाला गेले, मग आता रडता कशाला, असाही एक टोमणा तेव्हा फार फिरला. नंतरच्या अभ्यासात हे प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपास निघाले. ज्येष्ठांपेक्षा ते कमीच होते, पण टोमणा मारण्याइतके नव्हे.

परंतु वयाखेरीज शिक्षण आणि गाव यांचाही प्रभाव मोठा होता. लिंकनशरमधील बॉस्टन या शेतीच्या गावात ७५.६ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली, तर लंडनच्या लॅम्बेथ भागात ७८.६ टक्के मते राहण्याच्या बाजूने. म्हातारे आणि तरुण दोन्हीकडे आहेत. शिवाय आपल्या नातीला हे सांगावे, की ५ जून १९७५ रोजी याच विषयावर ब्रिटनमध्ये पहिले सार्वमत झाले, तेव्हा ६७ टक्के लोकांनी युरोपसोबत राहण्याचा कौल दिला होता. त्या दिवशी विशीत असलेला मतदार २०१६ मध्ये साठी ओलांडून गेला होता. म्हणजे ज्या पिढीने हात धरला, तिच्यातीलच पुष्कळांनी तो एक्केचाळीस वर्षांनी सोडला. त्यांनी मधल्या काळात कोळशाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने बंद पडताना पाहिले, आणि त्याचा राग युरोपवर निघाला. माझ्या मते तो राग चुकीच्या पत्त्यावर गेला, परंतु त्याला म्हातारचळ म्हणता येत नाही.

नातीचा मुद्दा खरा ठरतो तो किंमत कोणी मोजली या ठिकाणी. ब्रिटनमधील सरकारी निवृत्तिवेतन दरवर्षी महागाई, सरासरी वेतनवाढ किंवा अडीच टक्के यांपैकी जे अधिक असेल तेवढे वाढवले जाते, आणि ज्येष्ठांपैकी बहुतेकांची घरे स्वतःची व कर्जमुक्त असतात. पगार रखडला, गुंतवणूक थांबली, तर त्याची झळ त्यांना उशिरा आणि कमी लागते. उलट उरलेल्या २७ देशांत कोठेही जाऊन राहण्याचा व नोकरी करण्याचा हक्क गेला, तो वापरण्याचे वय तरुणांचे होते. ज्यांच्या मतांनी निर्णय झाला आणि ज्यांना तो सर्वांत जास्त दिवस निभवावा लागणार, ती माणसे बऱ्याच अंशी वेगळी होती. ‘ताटात माती’ हे शब्द कडू आहेत. मी ते वापरणार नाही, पण ती ते का वापरते हे मला समजते.

जाता जाता आपल्या घरासाठी एक गंमत. तेथे राहणाऱ्या राष्ट्रकुलातील नागरिकांना या सार्वमतात मत होते. म्हणजे जून २०१६ मध्ये मँचेस्टरला असलेला एखादा भारतीय विद्यार्थी मतदार यादीत नाव घालून मत देऊ शकत होता, आणि तेथे वीस वर्षे संसार केलेल्या पोलिश किंवा फ्रेंच नागरिकाला तो हक्क नव्हता. शिक्षण संपल्यावर दोन वर्षे नोकरी करू देणारा व्हिसा जुलै २०२१ मध्ये, म्हणजे बाहेर पडल्यानंतर सुरू झाला. तो केवळ ब्रेक्झिटमुळे मिळाला असे म्हणणे धाडसाचे होईल, परंतु युरोपातील विद्यार्थी कमी झाल्यावर भारतीय विद्यार्थ्यांसाठी दार अधिक उघडले, हेही पुढच्या कॉलवर तिच्याशी बोलता येईल. शक्यतो आरतीनंतर.

प्रश्न : आमचे कोल्हापुरी चपलांचे छोटे युनिट आहे. लेस्टरमधील एक व्यापारी आमचा सगळा माल एकदम घेत असे आणि त्यातील काही जोड पुढे बेल्जियमला पाठवत असे. आता तो दोन्हीकडच्या खेपा वेगळ्या मागतो. ब्रिटन आणि युरोप यांच्यात शून्य जकातीचा करार आहे म्हणतात, मग असे का?
(सुभाषनगर, कोल्हापूर)

उत्तर : शून्य जकात आहे ती ब्रिटनमध्ये किंवा संघातील देशांत बनलेल्या मालावर. आपल्या चपलेचा तळ, पट्टा, कान आणि वेणी हे सारे सुभाषनगरात बनते. लेस्टरच्या गोदामात खोके बदलले म्हणून ती ब्रिटिश होत नाही. पूर्वी ब्रिटनच्या बंदरात एकदा जकात भरली, की माल अठ्ठावीसही देशांत मोकळा फिरत असे. आता तोच जोड बेल्जियमला गेला, की त्यावर युरोपची जकात पुन्हा लागते, आणि सीमेवरची कागदपत्रे वेगळी. त्यामुळे आपल्या व्यापाऱ्याचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे. माल ब्रिटनमध्ये जकात न भरता बंधपत्रित गोदामात ठेवून पुढे पाठवण्याची सोय असते. परंतु छोट्या खेपेला तो खर्च परवडतो का, हे आपल्या कस्टम एजंटाकडून तपासून घ्यावे.

२४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करारावर सह्या झाल्या. पादत्राणांवरील ब्रिटनची जकात काढून टाकण्याची तरतूद त्यात आहे. संघात असताना ब्रिटनला असा करार एकट्याने करता आला नसता, म्हणून बाहेर पडण्याचे समर्थक तो अभिमानाने जमेच्या बाजूस मांडतात, आणि ते रास्तच आहे. फक्त मापाचे भान ठेवावे. ब्रिटिश सरकारच्या स्वतःच्या अंदाजानुसार या कराराने तेथील उत्पन्नात दीर्घकाळात ०.१३ टक्के भर पडेल. वर उल्लेखलेला चार टक्क्यांचा आकडा त्याच्याशेजारी ठेवून पाहावा.

प्रश्न : मी विद्यापीठात शिकतो. आपल्या देशात असे सार्वमत घेता येते का? कोल्हापूरच्या हद्दवाढीचा प्रश्न इतकी वर्षे लोंबकळत आहे. तो सार्वमताने सोडवता येणार नाही का?
(सागरमाळ, कोल्हापूर)

उत्तर : भारतीय राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही. अपवादात्मक प्रसंग मात्र घडले आहेत. आपल्या शेजारच्या गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी, त्यासाठी केलेल्या स्वतंत्र कायद्याखाली जनमत कौल घेतला गेला. महाराष्ट्रात विलीन व्हावे यासाठी १,३८,१७० मते पडली, तर केंद्रशासित राहावे यासाठी १,७२,१९१. फूल आणि दोन पाने ही चिन्हे जुन्या लोकांना अजून आठवतात. त्या कौलात दोन्ही पर्याय माहितीचे होते, कारण महाराष्ट्र कसा आहे आणि केंद्रशासित कारभार कसा असतो हे मतदाराला दिसत होते. ब्रिटनच्या मतपत्रिकेवर ‘संघात राहावे’ आणि ‘संघातून बाहेर पडावे’ एवढेच होते. बाहेर पडून नॉर्वेसारखे संघाच्या बाजारपेठेत जवळ राहायचे की कॅनडासारखे केवळ व्यापार करारापुरते दूर, हे कोणी विचारलेच नाही, आणि त्यावर संसदेची साडेतीन वर्षे गेली.

१९७२ मध्ये महापालिका झाल्यापासून कोल्हापूरची हद्द वाढलेली नाही, हे खरे. परंतु तिच्यासाठी कौल घ्यायचे म्हटले, तर पहिला वाद मतदार कोण यावरच होईल. शहर आणि गावे यांची मते एकत्र मोजली, तर संख्येने शहर जिंकेल. गावोगाव वेगळी मोजली, तर एकेक गाव नकार देत जाईल. शिवाय ‘हद्दवाढ हवी की नको’ एवढेच छापून भागणार नाही. घरफाळा किती वर्षांत किती वाढणार, शेतजमिनीवर कोणते आरक्षण पडणार, ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांचे काय होणार आणि पाण्याची लाइन कोणत्या वर्षी येणार, हे मतपत्रिकेसोबत लेखी द्यावे लागेल. तो कागद आजपर्यंत दोन्ही बाजूंपैकी कोणीही आपल्यासारख्या वाचकाच्या हाती दिलेला माझ्या पाहण्यात नाही.