क्लास लावण्याआधी आजोबांचा फोटो स्कॅन कर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. खानापूर तालुक्यात घर, बी.कॉम.चं दुसरं वर्ष, हाताशी ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप. आजोबांचा पिवळा पडलेला फोटो नीट करायचाय, गावच्या वाचनालयाची साधी वेबसाइट करायचीय, आणि बेळगावातल्या फोटो एडिटिंग आणि वेब डिझाइनच्या क्लासची १५ हजार फी भरावी की नाही ते ठरत नाहीये. वयाने तू माझ्या भाच्याएवढा, म्हणून अरेतुरे करते.

फी भरू नकोस, निदान यंदा तरी. मी वडगावची, पतसंस्थेत नोकरी करते. २००७ पासून रात्रीची जेवणं उरकली की तासभर बसून हे शिकत आले. क्लास वाईट असतात असं नाही. पण तिथे शिकवतात ते बहुतेक सगळं नेटवर फुकट मिळतं. आणि तुला जे रोज लागणार आहे, म्हणजे आपली अक्षरं पडद्यावर आणि कागदावर नीट बसवणं, ते इंग्रजी व्हिडिओत नसतं आणि क्लासमध्येही क्वचितच निघतं. शिवाय तुझ्याकडे करायला दोन खरी कामं आहेत. नुसतं ‘शिकायचंय’ म्हणून बसलेली मुलं पंधरा दिवसांत उठतात, हे मी आमच्या गल्लीत कितीदा पाहिलंय.

फोटो दुरुस्तीचं सॉफ्टवेअर गिम्प घे. १९९५ साली अमेरिकेत बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा प्रोग्रॅम, आजही पूर्ण फुकट. चोरीचं फोटोशॉप कुणी पेनड्राइव्हवरून दिलं तरी घालू नकोस. त्याच्याबरोबर व्हायरस घरात येतो. लॅपटॉपची काळजी सोड. ए-फोर कागद ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, २४८० गुणिले ३५०८, साधारण ८७ लाख पिक्सेल. एका लेयरला, म्हणजे चित्रावर ठेवलेल्या काचेसारख्या एका पानाला, ३५ एमबीच्या आसपास लागतात. ब्राउझर बंद ठेवून बसलास तर ४ जीबीत आठ-दहा लेयर आरामात चालतात.

पिक्सेल म्हणजे काय, हे मला पुस्तकाने नाही, घरातल्या मागाने शिकवलं. बाबा साडीच्या काठाची नक्षी ग्राफच्या कागदावर चौकोन भरून काढायचे. एक चौकोन, एक धागा. मी एकदा फोटो आठशे टक्के मोठा करून बसले होते, ते मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “ह्ये तर आमच्या कागदागतच हाय की गे!” अगदी तसंच आहे. काठ दुप्पट रुंद करायचा तर बाबा नक्षी नव्याने काढत, कारण नुसते चौकोन मोठे केले की वेलीला पायऱ्या पडतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो फ्लेक्सवर ताणला की चेहरा फुटतो, तो याच कारणाने. म्हणून वाचनालयाचं बोधचिन्ह गिम्पमध्ये न करता इंकस्केप या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये कर. तिथे चौकोन नसतात, रेषांचं गणित असतं, कितीही वाढवलं तरी कडा स्वच्छ राहते.

आता आजोबांचा फोटो. मोबाइलने फोटोचा फोटो काढू नकोस, स्कॅनर असलेलं झेरॉक्सचं दुकान गाठ. फोटो लहान असेल तर ६०० डीपीआय सांग, आणि काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करून घे. दुकानदार ‘कशाला?’ म्हणेल, तरी घे. फाइल टिफ किंवा पीएनजीमध्ये माग. जेपीईजी प्रत्येक वेळी सेव्ह करताना थोडी माहिती टाकून देतं, दुरुस्तीच्या कामात ते परवडत नाही.

रंगीत कशासाठी, तर पिवळा डाग निळा प्रकाश शोषतो. फाइलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन थर असतात. डाग निळ्यात काळाकुट्ट दिसतो आणि लालमध्ये जवळजवळ दिसतच नाही. गिम्पच्या कलर्स मेनूत मोनो मिक्सर आहे. त्यात लाल १ ठेव, बाकी दोन्ही शून्य. माझ्या आजीचा लग्नातला फोटो मी असा केला तेव्हा तिच्या पदरावरचा चहाच्या रंगाचा डाग एका क्षणात गेला आणि खालचा जरीचा काठ वर आला. तो काठ आमच्यापैकी कुणी कधी पाहिलाच नव्हता. मी आईला हाक मारली, ती आली आणि किती तरी वेळ पडद्यासमोरून हलली नाही.

त्यानंतर लेव्हल्स, म्हणजे काळं-पांढरं जुळवायची सोय. तिथे डोंगरासारखा आलेख दिसेल, ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. जुन्या फोटोत डोंगर मध्येच गोळा झालेला असतो. दोन्ही टोकांचे त्रिकोण डोंगराच्या पायथ्यापर्यंत आण, फोटोत जीव येतो. पायथ्याच्या आत मात्र घुसू नकोस, नाहीतर केसांतले बारकावे काळ्यात बुडतात. ओरखडे आणि घड्या सगळ्यात शेवटी. लेयरची नक्कल कर, हील टूल, म्हणजे आजूबाजूच्या रंगात मिसळून डाग भरणारं हत्यार, घे, जवळची चांगली जागा कंट्रोल दाबून निवड आणि लहान लहान ठिपक्यांनी भर. गाल, कपाळ, भिंत इथे हील छान चालतं. टोपीची कडा किंवा मिशी आली की ते रंग फासतं. तिथे क्लोन वापर, ते शेजारचा तुकडा जसाच्या तसा उचलून ठेवतं. आणि सुरकुत्या घालवू नकोस. माणूस ओळखू आला पाहिजे.

मास्क, म्हणजे लेयरचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारा पडदा, शिकायला तुझ्याच तालुक्यातलं हलशीचं भूवराह नृसिंह मंदिर घे. आतून दाराच्या दिशेने फोटो काढ. आत अंधार, बाहेर झगमगाट. दोन लेयर कर, एक कर्व्हजने (उजेड कमी-जास्त करायची सोय) उजळ, त्याला मास्क लाव. मास्कवर पांढरं तिथे दिसतं, काळं तिथे झाकतं. एवढं हातात बसलं की निम्मं एडिटिंग आलं.

आता अक्षरांकडे येते, कारण माझी मोठी चूक तिथेच झाली. २०१० साली मावसबहिणीच्या लग्नाची पत्रिका मी केली. तेव्हा माझ्याकडे जो प्रोग्रॅम होता त्याला देवनागरी कळत नव्हती. ‘निमंत्रण’मधली वेलांटी न च्या मागे जाऊन बसली, ‘लग्न’चा पाय मोडलेला दिसला. रात्री डोळे जड झाले होते, मी तशीच फाइल छापायला दिली. ३०० पत्रिका छापून आल्या. मावशी एक शब्द बोलली नाही, तिने त्या वाटल्या. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

कारण असं, की युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या सगळीकडच्या सारख्या पद्धतीत, आधी न साठवला जातो आणि मग वेलांटी. दाखवताना तिला पुढे आणण्याचं काम प्रोग्रॅमचं असतं. ते त्याला येत नसेल तर साठवल्या क्रमानेच अक्षरं मांडतो. गिम्प आणि इंकस्केप हे बरोबर करतात. पुढे कधी फोटोशॉपवर बसलास तर प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात जाऊन भारतीय लिप्या चालणारा पर्याय निवडलाय ना, ते आधी बघ. कुठलाही नवा प्रोग्रॅम किंवा फाँट आला की मी चार शब्द लिहून पाहते: निमंत्रण, लग्न, श्री, दऱ्या. जांबोटीच्या दऱ्या लिहिताना ‘दर्या’ झालं तर समुद्र होतो, तो फाँट मराठीच्या कामाचा नाही.

वेबसाइटलाही हेच लागू. पहिलं पान एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या खुणांच्या भाषेत, नोटपॅडमध्येच लिही, यूटीएफ-८ या युनिकोडच्या प्रकारात सेव्ह कर. पानाच्या सुरुवातीला भाषा सांगायची जागा असते, तिथे मराठीचं ‘एमआर’ (mr) टाक, लोक सवयीने इंग्रजीचं ठेवतात. ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात मग पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप येतो, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. टिरो देवनागरी मराठी हा तर मराठीसाठीच केलेला फाँट आहे; मजकुराला मुक्ता किंवा नोटोही चांगले. ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.७ पटीच्या आसपास ठेव, वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडत नाहीत. अक्षरांतलं अंतर मात्र वाढवू नकोस. इंग्रजी मथळे तसे देखणे दिसतात, आपली शिरोरेषा तुटते.

वाचनालयाची जुनी ग्रंथयादी बहुधा कुणा डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी या जुन्या फाँटांच्या सॉफ्टवेअरमध्ये असेल. ती कॉपी केलीस तर इंग्रजी चिन्हांचा चिखल दिसेल. जुन्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. घाबरू नकोस, युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. पण त्यानंतर रफार आणि जोडाक्षरं ओळ न ओळ वाचून काढ. ते काम कंटाळवाणं आहे आणि तेच खरं काम आहे.

साधी पानं गिटहब पेजेस या नेटवरच्या सेवेवर फुकट ठेवता येतात. मोबाइलचा ४-५ एमबीचा फोटो तसाच चढवू नकोस. रुंदी १२०० पिक्सेल, जेपीईजी दर्जा ८० केलास की बऱ्याचदा २००-३०० केबीत बसतो. पान तयार झालं की कणकुंबीच्या बाजूला रेंज जिथे कमी येते तिथे जाऊन मोबाइलवर उघडून बघ.

दोन गोष्टी पटकन. फ्लेक्सची फाइल ३०० डीपीआयला करू नकोस. १० बाय ६ फुटाचा फलक तसा केलास तर ७७ कोटींहून जास्त पिक्सेल होतात, लॅपटॉप बसेल. लांबून बघायच्या फलकाला ७२ पुरतात. आणि आपल्याकडे कन्नड टाळून चालत नाही. दुकानाच्या पाटीचं काम आलं तर २०२४ पासून कर्नाटकात ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते, मांडणी त्या हिशेबाने सुरू कर. बालू फाँटची देवनागरी आणि कन्नड भावंडं शेजारी शोभतात. कन्नड मजकूर कन्नड घरातल्या मित्राला वाचायला दे, आपल्या मजकुरासारखाच तोही चुकता कामा नये. छापायला देताना अक्षरांचं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या रेषांच्या आकारात, रूपांतर कर, म्हणजे प्रेसच्या कॉम्प्युटरवर फाँट नसला तरी वेलांटी हलत नाही.

या रविवारी स्कॅन करून आण आणि मूळ फाइल वेगळी जपून ठेव. त्याची छोटी प्रत इथे टाक. घडी डोळ्यावरून गेली असेल तर आधी हात लावू नकोस. दुसरा डोळा आरशातल्यासारखा उलटा करून कसा आधाराला घ्यायचा, ते तुझाच फोटो घेऊन दाखवते.