सव्वीस रुपये आलेखावर कुठे मांडायचे?

प्रश्न : बाई, मी दहावीत आहे, भांडुपला राहतो. पप्पा रिक्षा चालवतात. चढ आणि आंतरखंड शिकवताना सरांनी रिक्षाचं उदाहरण दिलं. कमीत कमी भाडं २६ रुपये आणि किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे, म्हणून य = १७.१४क्ष + २६ (क्ष म्हणजे किलोमीटर, य म्हणजे भाडं). घरी मी पाच किलोमीटरचं भाडं काढलं, ते १११ रुपये ७० पैसे आलं. पप्पा हसायलाच लागले. म्हणाले, "एवढे मागितले तर पॅसेंजर मला आरटीओत नेईल. पाचचे शहाऐंशी होतात." आकडेमोड दोनदा तपासली, बरोबर आहे. मग चुकतंय कोण? आणि क्ष-यच्या किमतींचं टेबल न करता नुसत्या चढावरून रेषा कशी काढायची? उणे चढ आला की माझी रेषा उलटीच जाते.

उत्तर : आधी पप्पांना सांग, बाई म्हणाल्या तुमचंच बरोबर. आकडेमोड तुझीही बरोबर आहे, पण ते समीकरण रिक्षाचं नाही. (तुमच्या पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात, हे मला ठाऊक आहे. क्ष आणि य ही माझी जुनी सवय, तुझ्या पत्रातही मीच बदलून घेतलेत.)

चढ म्हणजे क्ष एकने वाढला की य जितक्याने बदलतो तो आकडा, इथे १७.१४. आंतरखंड म्हणजे रेषा य-अक्षाला जिथे छेदते तो आकडा, म्हणजेच क्ष शून्य असताना य किती ते. आता सांग, २६ रुपये शून्य किलोमीटरचे आहेत का? फेब्रुवारी २०२५ पासूनच्या दरात २६ रुपयांत पहिला दीड किलोमीटर येतो. म्हणून २६ ची जागा (१.५, २६) या बिंदूवर आहे. तुमच्या समीकरणाने ते उचलून (०, २६) वर नेऊन ठेवले, आणि वर पहिल्या मीटरपासून १७.१४ चा दरही लावला. पहिल्या दीड किलोमीटरचे पैसे दोनदा घेतले गेले. पॅसेंजर भांडणारच.

दीड किलोमीटरच्या पुढचं खरं समीकरण असं : य = २६ + १७.१४(क्ष − १.५). कंस सोडव. १७.१४ गुणिले १.५ म्हणजे २५.७१. उरतं य = १७.१४क्ष + ०.२९. आंतरखंड अवघा २९ पैसे! भाडं रुपयात पूर्ण करताना तेही कुठल्या कुठे जातात. म्हणजे ही रेषा जवळपास आरंभबिंदूतूनच, (०, ०) मधूनच येते. मी दादरला राहते, आमच्याकडे रिक्षा येत नाही, म्हणून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचंही करून पाहिलं. दीड किलोमीटरला ३१ रुपये, पुढे किलोमीटरला २०.६६. आंतरखंड आला एक पैसा! एकतीस वर्षं गणित शिकवलं आणि रोजच्या टॅक्सीतली ही गंमत तुझ्या पत्रामुळे दिसली.

तेव्हा आलेख असा : शून्यापासून दीडपर्यंत २६ वर सपाट रेघ, म्हणजे चढ शून्य. तिथून पुढे १७.१४ चढाची तिरकी रेषा. रात्री बारा ते पाच भाडं सव्वापट होतं, तेव्हा चढ साधारण २१.४३ होतो आणि तिरकी रेषा आणखी उभी होते. आणि एलबीएस रोडवर गाडी अडकली की? अंतर जागच्या जागी, पण वेटिंगचं मीटर पडतच असतं. तेवढ्यापुरता आलेख सरळ उभा वर जातो. उभ्या रेषेचा चढ सांगता येत नाही, हे पुस्तकात वाचलं असशील. पप्पा ते रोज जगतात.

खरा आंतरखंड बघायचा असेल तर विजेचं बिल काढ. मे महिन्यात घराला कुलूप लावून गावी गेलात, एक युनिटही जळलं नाही, तरी बिलात 'स्थिर आकार' येतोच. क्ष शून्य, य शून्य नाही. (युनिटचे टप्पे बदलले की दर बदलतो, म्हणून ती रेषा मध्येच वाकते, पण सुरुवात य-अक्षावर वरच असते.)

आता तुझी उलटी जाणारी रेषा. २क्ष + ३य = १२ घेऊ. य एकटा कर : ३य = −२क्ष + १२, म्हणून य = −(२/३)क्ष + ४. आंतरखंड ४, म्हणून पहिला ठिपका य-अक्षावर (०, ४) ला. बरीच मुलं तो क्ष-अक्षावर देतात आणि तिथूनच वाट चुकते. चढ −२/३. स्टेशनच्या पुलाचा जिना आठव, आधी पाऊल पुढे पडतं, मग शरीर वर किंवा खाली जातं. तसंच इथे : छेदाइतकं उजवीकडे, मग अंशाइतकं वर किंवा खाली. तीन घरं उजवीकडे, उणे आहे म्हणून दोन खाली : (३, २). पुन्हा तसंच : (६, ०). जोड. ताळा बघ, २ × ६ + ० = १२.

तुझं कुठे बिनसतं याचा माझा अंदाज सांगते. उणे एकच आहे, तू ते अंशालाही लावतोस आणि छेदालाही. मग तीन डावीकडे, दोन खाली जातोस आणि (−३, २) ला पोचतोस. किंमत घाल : −६ + ६ = ०, बारा नाही. दोन उणे मिळून अधिक झाले, म्हणून रेषा चढायला लागली. उणे कायम अंशाला चिकटव, उजवीकडे जाणं कधी सोडू नकोस. चढ नुसता २ असेल तर तो २/१ समज.

पण 'घरं' मोजणं दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखं असेल तरच चालतं. रिक्षाच्या आलेखात क्ष-अक्षावर १ सेमी = १ किलोमीटर आणि य-अक्षावर १ सेमी = १० रुपये घ्यावे लागतील, तिथे घरं नाही, एकक मोजायचे. कोपऱ्यात प्रमाण लिहायला विसरू नकोस.

आणि टेबल टाकून देऊ नकोस. गणित भाग एकमधली एकसामयिक समीकरणं (दोन्ही एकाच वेळी सोडवायची ती) आलेखाने सोडवताना तेच मांडायचं, चढ मनातल्या मनात ताळ्याला ठेव. पूर्वी यांत्रिक मीटरवरचा आकडा वेगळा आणि द्यायचं भाडं वेगळं असायचं, ड्रायव्हर खिशातून कार्ड काढून जुळवायचा. ते कार्ड म्हणजे टेबलच होतं.

सरांना भर वर्गात "तुमचं चुकलं" म्हणू नकोस. आलेख कागदावर दोन्ही रेषा काढ, वर्गातली आणि मीटरची, आणि मधल्या सुट्टीत दाखव. दीडच्या पुढे चढ एकच असल्यामुळे त्या समांतर येतील, आणि दीड किलोमीटरच्या पुढे दोघींमधलं उभं अंतर कुठेही मोजलं तरी २५ रुपये ७१ पैसेच भरेल.