राजाचा हट्ट, वासरांची भूक

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

वडिलोपार्जित मिळकतीतला आपला हक्क भावासाठी सोडणाऱ्या बहिणीची तुझी कथा वाचली. भाषा तुझ्याकडे आहे, तिची काळजी नाही. कथेचे घटक कोणते आणि त्यातलं माझ्यात काय कमी पडतंय, असं तू विचारलंयस. कथानक, पात्रं, स्थळकाळ, संघर्ष, निवेदन, संवाद ही यादी बी.ए.च्या कुठल्याही गाइडात मिळेल आणि परीक्षेपुरती ती पुरेल. लिहायला बसल्यावर मात्र तिचा फार उपयोग होत नाही. यादीत हे सगळे सुटे असतात; कथेत एकाला हात लावला की बाकीचे हलतात.

त्यापेक्षा आजीकडून श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी पुन्हा एकदा ऐक. लहानपणी प्रसादाकडे डोळे लावून ऐकली असशील, आता लिहिणारीच्या कानांनी ऐक.

आटपाट नगरच्या राजाच्या मनात येतं, महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. पात्र आलं, त्याची इच्छा आली, पण कथा अजून आली नाही. ती येते दवंडीबरोबर: घरात कुणाला न देता सगळं दूध देवळात आणा. आता वासरं उपाशी, पोरं उपाशी. इच्छा एकाची आणि तिचं मोल चुकवतंय दुसरंच कुणीतरी. इथं संघर्ष उभा राहिला, आणि बघ, अजून कुणी कुणाला चकार शब्द बोललेलं नाही. संघर्ष म्हणजे वादावादी असं समजून नवे लेखक पात्रांना पानंच्या पानं ओरडायला लावतात. आधी विचारावं ते एवढंच: कुणाला काय हवंय आणि ते कुणाला महागात पडतंय?

गावचं सगळं दूध ओतूनही गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. घरातल्या लेकराबाळांना खाऊ घालून, गाईवासरांचं बघून, उरलेलं खुलभर दूध घेऊन. ते वाहते, आणि गाभारा भरतो. म्हातारी प्रेमळ होती, धीट होती, असं कहाणी कुठंही म्हणत नाही. राजाची आज्ञा असताना तिनं आधी कुणाचं पोट भरलं, तेवढंच सांगते. तुझ्या नायकाबद्दल पहिल्याच पानावर 'हळवा', 'अबोल' आणि 'स्वाभिमानी' हे तीन शब्द आहेत, आणि शेवटपर्यंत तो यातलं काहीही करून दाखवत नाही.

मला सगळ्यात आवडते ती या कहाणीची माहिती वाटायची पद्धत. गाभारा कुणामुळे भरला हे आपल्याला तिथल्या तिथं कळतं, राजाला कळत नाही. तो शिपाई बसवतो, तरी थांग लागत नाही. मग स्वतःच जाऊन बसतो. 'कोण' हा प्रश्न आपल्यापुरता केव्हाच मिटलेला असतो. जीव टांगणीला लागतो तो वेगळ्याच गोष्टीसाठी: ती हाती लागली की हा राजा तिचं काय करेल? निवेदनाचा दृष्टिकोन म्हणून जे रुक्ष प्रकरण पुस्तकात असतं त्याचा गाभा हाच, कुणाला काय आणि कधी ठाऊक आहे.

तू नेमकं उलट केलंस. बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायचं आधीच ठरवलंय, हे शेवटच्या ओळीपर्यंत दडवून ठेवलंस. धक्का बसला, नाही म्हणत नाही. पण बसला तेव्हा कथा संपलेली होती. तेच मला दुसऱ्या पानावर कळलं असतं, तर भाऊबीजेच्या ताटावर बसून भाऊ तिच्याशी गोडगोड बोलतो तो प्रसंग वाचताना मला सहन झाला नसता.

  

तुझ्याकडे पाऊस, कौलं आणि मातीचा वास यांनाच दीड पान गेलंय, आणि त्यातलं काहीही कुणाच्या आड येत नाही. जिथं दस्त नोंदवतात ते दुय्यम निबंधक कार्यालय मात्र एका ओळीत उरकलंस! तिथं बहिणीचा अंगठा यंत्रावर टेकवतात, 'ताई, कॅमेऱ्याकडे बघा' म्हणून फोटो काढतात. भाऊ मागं उभा असतो. तुझं स्थळ ते आहे. काळही नक्की कर. हिंदू वारसा कायद्याच्या 2005च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच झाला. कथा त्याआधी घडते की नंतर, यावर बहीण किती सोडतेय हे ठरेल, आणि माहेर टिकवण्याची किंमतही.

संवादांबद्दल थोडक्यात. 'दादा, बाबांना जाऊन दोन वर्षं झाली रे,' हे दादाला ठाऊक नाही का? ते तू मला सांगतेयस, तिच्या तोंडून. कहाणीतली म्हातारी राजानं हात धरेपर्यंत माणसांशी बोलतच नाही. अभय मिळाल्यावर बोलते, आणि मग राजाच्या तोंडावर सगळं सांगून टाकते. राजा पुढं मुलावासरांना ठेवून उरलेलंच दूध वाहतो. शेवट हा असा, काहीतरी करण्यात असतो.

कथाकार ना. सी. फडक्यांचं रेखीव कथातंत्र आणि ते झुगारणारी पुढच्या पिढीची नवकथा हे भांडण सवडीनं वाच, मजेशीर आहे. त्यावरून लगेच कुठल्या बाजूला जाऊ नकोस.

आता पहिलं दीड पान काढून टाक आणि निबंधक कार्यालयापासून सुरू कर. भावाला खलनायक करू नकोस. सोसायटीचं कर्ज थकलेलं असेल, मुलीचं लग्न तोंडावर असेल, त्याचीही अडचण खरी वाटू दे. दिवाळी अंकाची घाई असेल तर यंदाचा अंक सोड. आणि बहिणीचं नाव बदल. ते तुझ्या आत्याचं आहे, आणि ती दिवाळी अंक वाचते.

तुझी,
मावशी