प्रार्थना रोज होते, पण दिवसभर शिकवणीचं भान राहत नाही. काय करावं?

पहाटे पाचूबंदरला बोटीवर, मग वसईच्या बाजारात, रात्री पेंगत जपमाळ; यात ख्रिस्ताची शिकवण लक्षात कशी ठेवायची, असं तुम्ही विचारलंय. प्रार्थना वाढवू नका. सुधारायला स्वतःचा एकच दोष धरा.

पद्धत सोळाव्या शतकातल्या संत इग्नाशियस लोयोलांची. उठल्याबरोबर दोष ठरवायचा. दुपारी आणि रात्री जेवल्यावर हिशेब: एकेक तास आठवायचा, जितक्यांदा घसरलात तितके ठिपके वहीत त्या दिवसाच्या ओळीवर. मग कालची ओळ आजच्या ओळीशी ताडून पाहायची.

दोष मोघम नको. ‘प्रामाणिक राहीन’ याचे ठिपके कसे मोजणार? ‘पापलेट बर्फाच्या चुऱ्यासकट तोलणार नाही’, ‘कालची सुरमई आजची म्हणून विकणार नाही’ हे मोजता येतं. (बायबलमधलं नीतिसूत्रे 11:1 खोट्या तराजूबद्दलच आहे, म्हणजे दुखणं जुनंच!)

बहुतेकांचं फसतं कुठे? पहिल्याच दिवशी पाच-सहा दोष घेतात, आठवडाभरात वही बंद. किंवा अंथरुणात पडून तपासणी करतात आणि घोरायला लागतात. बसून करा, पाच मिनिटं, आणि आधी देवाचे आभार माना. नुसते ठिपके मोजून मन खचतं.

समुद्रावर तपासणीची वेळ चुकणारच. मार्कच्या शुभवर्तमानात (13:35) जागं राहण्याचे चार प्रहर दिलेत: संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवताना, सकाळ. जाळं टाकून वाट बघत बसता ना, तेव्हा यातल्या एखाद्या प्रहरी तपासणी करा. गंभीर पापाला मात्र वही पुरत नाही, त्यासाठी फादरांकडे पापनिवेदनच.