बोलिव्हियन रॅम मासा आणायच्या आधी
आधी टाकीतली खडी काढ आणि बारीक, गोलसर कणांची वाळू घाल. बाकीचं नंतर बघू. बोलिव्हियन रॅम जेमतेम 7-8 सेंटीमीटरचा, मूळचा बोलिव्हिया-ब्राझीलमधल्या मामोरे आणि ग्वापोरे नद्यांच्या खोऱ्यांतला. तोंडभर वाळू उचलतो, चघळल्यासारखी चाळतो, खाण्याजोगं ते गिळतो आणि उरलेली कल्ल्यांतून भुरुभुरु सोडून देतो. खडीवर उपाशी मरणार नाही, पण ही गंमत तुला दिसायची नाही. याच्याच जवळच्या नात्यातल्या निळ्या रॅम माशाच्या रंगाला एवढ्यात भुलू नकोस. तो ओरिनोको नदीच्या गरम पाण्यातला, भलता नाजूक. बोलिव्हियन रॅमला 25-26 अंश पुरे. जोडी जमली की सपाट दगड साफ करून त्यावर अंडी घालतात, नर-मादी दोघंही राखण करतात. तेवढे दिवस टाकीत उगाच हात घालायचा नाही. पाणी मात्र दर आठवड्याला थोडं बदलत राहा.